फिकट चेहरा, पिवळे डोळे : रक्ताच्या अहवालातील खुणा

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर नारायण पेठेतील एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. वय ७१. रोज पहाटे पर्वती चढून येणारे गृहस्थ. आता घराचा एक जिना चढतानाही मध्ये थांबावे लागते, एवढीच त्यांची तक्रार होती. हिमोग्लोबिन १०.६ आले. ‘वयोमानाने थोडे उतरले आहे’ असे म्हणून मी लोहाचे औषध लिहून दिले आणि महिन्याने भेटायला सांगितले. तो माझा निर्णय चुकला होता. अठराव्या दिवशी सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. ‘‘डॉक्टर, बाबांचे डोळे पिवळे दिसताहेत. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून दिली, ती घातली आहे. उसाचा रसही चालू आहे.’’

खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिले. डोळे खरोखरच पिवळे होते. पण खालची पापणी ओढून पाहिली तर आतली त्वचा पांढरीफटक. जीभ आणि तळहातही तसेच. हिमोग्लोबिन अडीच आठवड्यांत ७.२ वर आले होते. यकृताच्या तपासण्यांत एसजीपीटी अगदी सामान्य. म्हणजे कावीळ होती, परंतु यकृत बिघडलेले नव्हते.

फिकटपणा आणि पिवळेपणा एकाच चेहऱ्यावर एकत्र दिसणे ही वैद्यकातील फार जुनी आणि फार मोलाची खूण आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोग आणि कामला यांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने या जोडीचा एक महत्त्वाचा अर्थ असा, की रक्त कमी तयार होत नसून तयार झालेल्या तांबड्या पेशी वेळेआधी फुटत असाव्यात. ‘असाव्यात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

तांबडी पेशी साधारणपणे १२० दिवस जगते. जुन्या झालेल्या पेशी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या पेशी रक्तात सोडते. हा हिशेब आयुष्यभर जुळत राहतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा कधी कधी आपल्याच तांबड्या पेशींना परके समजू लागते आणि त्यांच्यावर प्रतिपिंडे चिकटवते. अशी खूण लागलेली पेशी प्लीहेतून जाताना तिथल्या भक्षक पेशी तिच्या आवरणाचा लचका तोडतात. उरलेली पेशी आपला चपटा आकार गमावून गोल चेंडूसारखी होते आणि पुढच्या फेरीत फुटते. १२० दिवसांचे आयुष्य काही दिवसांवर येते. या आजाराला ऑटोइम्युन हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. मराठीत स्वयंप्रतिकारजन्य रक्तविघटन म्हणता येईल. तो वारंवार दिसणारा आजार नाही. मात्र उतारवयात त्याचे प्रमाण वाढते आणि त्या वयात त्याला ‘अशक्तपणा’ समजून सोडून देण्याचा मोहही वाढतो.

आता अहवालाकडे वळू. हातात कागद आला की बहुतेक घरांत ठळक अक्षरांतले आकडे वाचले जातात आणि घबराट होते. या आजारात एकटा कोणताही आकडा काही सांगत नाही. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

पेशी फुटल्याच्या खुणा तीन. पेशीतले एलडीएच नावाचे विकर रक्तात सांडते, म्हणून ते वाढते. हिमोग्लोबिनचे विघटन होऊन बिलिरुबिन तयार होते, पण ते यकृतात प्रक्रिया होण्याआधीचे, म्हणजे ‘इनडायरेक्ट’ प्रकारचे असते. आमच्या शिक्षकांचे एकूण बिलिरुबिन ३.४ होते आणि त्यातले ‘डायरेक्ट’ केवळ ०.५. या प्रकारचे बिलिरुबिन मूत्रपिंडातून गाळले जात नाही, म्हणून लघवीच्या तपासणीत ‘बिलिरुबिन नाही, युरोबिलिनोजेन वाढलेले’ असा शेरा येतो. यकृताच्या किंवा पित्तनलिकेच्या काविळीत लघवीत बिलिरुबिन उतरते. साध्या लघवीच्या तपासणीतून एवढा फरक कळतो, आणि तिच्याकडे आपण बघतही नाही. तिसरी खूण हॅप्टोग्लोबिन. रक्तात मोकळे सुटलेले हिमोग्लोबिन उचलून नेणारे हे प्रथिन खर्ची पडते, म्हणून त्याची पातळी जवळजवळ शून्यावर येते.

दुसऱ्या बाजूला अस्थिमज्जा तूट भरून काढण्यासाठी झटत असते. तिची धडपड मोजणारा आकडा म्हणजे रेटिक्युलोसाइट, अर्थात नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशींचे प्रमाण. निरोगी माणसात ते साधारण अर्धा ते अडीच टक्के असते. शिक्षकांचे १४ टक्के आले. सूनबाईंनी तो आकडा पाहून ‘हा कर्करोग तर नव्हे?’ असे विचारले. तसे नव्हते, मज्जा जागी असल्याचा तो पुरावा होता. एकूण पेशीच कमी झालेल्या असताना टक्केवारी फुगून दिसते, म्हणून ती रुग्णाच्या हिमॅटोक्रिटप्रमाणे दुरुस्त करून घ्यायची. त्यांचा हिमॅटोक्रिट २१ होता. ४५ शी तुलना करून हिशेब केला तर १४ चे साडेसहा होतात. तरीही ते पुष्कळच जास्त.

पहिल्या भेटीत ही एक तपासणी मी सांगितली असती, तर अठरा दिवस वाचले असते. साध्या ‘सीबीसी’मध्ये ती नसते, वेगळी लिहून द्यावी लागते. तुमच्या घरातील ज्येष्ठांचे हिमोग्लोबिन उतरले आणि कारण स्पष्ट नसेल, तर ‘रेटिक्युलोसाइट काउंट करायचा का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. आम्हाला त्याचा राग येऊ नये.

वर ‘असाव्यात’ म्हटले, त्याचे कारण आपल्या पुण्यातच आहे. शिक्षकांचे निदान झाले त्याच महिन्यात कोथरूडमधल्या ६८ वर्षांच्या एक आजी आल्या. त्याही फिकट, त्याही किंचित पिवळ्या. हिमोग्लोबिन ६.१, बिलिरुबिन २.३ आणि एलडीएच तर २४००, म्हणजे शिक्षकांच्या तिप्पट. घरच्यांना वाटले, यांचा आजार अधिक गंभीर. पण रेटिक्युलोसाइट केवळ १ टक्का होते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही थोड्या कमी होत्या, आणि काचपट्टीवर पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे नेहमीपेक्षा जास्त तुकडे दिसत होते. आजी जन्मापासून शाकाहारी. दाताच्या त्रासामुळे आणि ‘पचत नाही’ म्हणून दूधही दोन वर्षांपासून बंद केलेले. त्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होती.

ब-१२ नसेल तर मज्जेत तयार होणाऱ्या पेशी सदोष निघतात आणि बाहेर पडण्याआधी तिथेच मरतात. एलडीएच वाढते, बिलिरुबिन वाढते, हॅप्टोग्लोबिनही घटू शकते. रक्तविघटनाचा हुबेहूब देखावा उभा राहतो. पुण्यात ही शक्यता कायम डोळ्यांसमोर ठेवावी लागते. केईएम रुग्णालय, पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन, वरकरणी निरोगी पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. अशा शहरात फिकट-पिवळ्या रुग्णाला सरळ स्टेरॉइड सुरू करणे धाडसाचे, आणि प्रत्येकाला ब-१२ची इंजेक्शने देऊन वाट पाहत बसणे तितकेच धोक्याचे. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे अहवालातला ‘एमसीव्ही’, दोन्ही आजारांत वाढू शकतो, कारण नवजात पेशीही आकाराने मोठ्या असतात. शिक्षकांच्या पहिल्या अहवालात तो १०१ होता आणि मी तो वाचूनही पुढे गेले होते. दोघांना वेगळे करतात ते रेटिक्युलोसाइट, काचपट्टी आणि कूम्ब्स चाचणी.

यातही एक मेख आहे. कधी कधी दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असतात. पेशी फुटत असतात, पण कच्चा माल नसल्याने मज्जेला नव्या पेशी करता येत नाहीत, आणि रेटिक्युलोसाइट वाढलेले दिसत नाही. रक्तविघटनाच्या सुरुवातीच्या काही दिवसांतही ते कमी असू शकते. म्हणून रेटिक्युलोसाइट कमी आले तरी संशय असेल तर कूम्ब्स चाचणी टाळू नये.

या चाचणीची गोष्ट मला आवडते. रॉबिन कूम्ब्स हे मूळचे पशुवैद्य. दुसऱ्या महायुद्धात दिवे मंद केलेल्या रेल्वेगाडीतून केंब्रिजला परतताना ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. प्रतिपिंडे तांबड्या पेशीला चिकटलेली असली तरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि बऱ्याचदा पेशींना एकत्रही जोडू शकत नाहीत. मग त्या प्रतिपिंडांनाच पकडणारा रक्तद्रव सशांमध्ये तयार करून मिसळला तर? पेशींवर खूण असेल तर त्या एकमेकींना बिलगून गुठळ्या होतील. १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली (तत्त्व कार्लो मोरेस्की यांनी १९०८ मध्येच मांडले होते, पण ते विस्मरणात गेले होते). पुढच्याच वर्षी या चाचणीने जन्मजात रक्तविघटन आणि मागाहून उद्भवलेले रक्तविघटन वेगळे ओळखता येते, हे दाखवले गेले. याच रेस यांचे नाव १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ज्या निबंधातून ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला, त्याच्या लेखकांतही आहे. पुढे १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ती हीच. गुंतागुंतीच्या रक्तचाचण्यांसाठी आपल्या राज्याला हा मोठा आधार आहे.

चाचणी दोन प्रकारची असते, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर नेमका गोंधळ इथे होतो. ‘डायरेक्ट’ कूम्ब्स रुग्णाच्या तांबड्या पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे शोधते. या आजारात मुख्यतः ती हवी. ‘इनडायरेक्ट’ कूम्ब्स रक्तद्रवात मोकळी असलेली प्रतिपिंडे शोधते. निगेटिव्ह रक्तगटाच्या गर्भवतींना ती सांगतात, म्हणून घरातल्या स्त्रियांना तेच नाव आठवते. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचूनच नमुना द्या. चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे ती आयजीजीमुळे आहे की सी३डी या पूरक प्रथिनामुळे, हेही पाहतात. पहिला प्रकार बहुधा ‘उष्ण’, म्हणजे शरीराच्या तापमानाला काम करणाऱ्या प्रतिपिंडांचा. शिक्षकांचा तोच होता आणि बहुसंख्य रुग्णांचा तोच असतो. केवळ सी३डी आले तर ‘शीत’ प्रकाराचा विचार करायचा.

कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच, असेही नाही. काही निरोगी माणसांत, रुग्णालयात दाखल असलेल्या अनेकांत आणि विशिष्ट औषधे चालू असताना ती पॉझिटिव्ह येते, पण एकही पेशी फुटत नसते. उलट काही थोड्या रुग्णांत आजार असूनही नेहमीची चाचणी निगेटिव्ह राहते. म्हणून अहवालातील या एका शब्दावरून घरी निष्कर्ष काढू नका.

शीत प्रकाराविषयी पुणेकरांना थोडे अधिक सांगायला हवे. यात प्रतिपिंडे थंडीत काम करतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नाकाचा शेंडा, कान आणि बोटे निळसर पडतात, घरात ऊब मिळाली की पूर्ववत होतात. गंमत अशी, की हा आजार यंत्रालाही फसवतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा नमुना बर्फाच्या डब्यात ठेवतो. नळीतच पेशींच्या गुठळ्या होतात आणि यंत्र प्रत्येक गुठळीला एक पेशी समजून मोजते. अहवालात तांबड्या पेशींची संख्या अविश्वसनीय कमी, आकार अवाढव्य आणि ‘एमसीएचसी’ ३७च्याही वर दिसते, हिमोग्लोबिन मात्र त्या मानाने ठीक असते. असा विसंगत अहवाल आला तर जाणकार पॅथॉलॉजिस्ट नमुना ३७ अंशांपर्यंत गरम करून पुन्हा चालवतात. शीत प्रकाराचा संशय असेल तर रुग्णाला प्रयोगशाळेतच न्यावे आणि नमुना कोमट ठेवण्याची विनंती आधी फोन करून करावी.

हिमोग्लोबिन फार खाली गेले की रक्त चढवण्याची वेळ येते, आणि नातेवाइकांच्या तोंडचे पाणी पळते ते तेव्हा. रक्तपेढीतून निरोप येतो, ‘एकही पिशवी जुळत नाही.’ मुलगा एका रक्तपेढीतून दुसरीकडे धावतो आणि तिथेही तेच ऐकतो. कारण असे, की रुग्णाची प्रतिपिंडे केवळ स्वतःच्या नव्हे, तर बहुतेक सर्वांच्याच तांबड्या पेशींना चिकटतात. अशा वेळी धावपळ करून उपयोग नसतो. रक्तपेढीतील तज्ज्ञ खरे शोधतात ते वेगळेच : या गोंधळाखाली पूर्वी चढवलेल्या रक्तातून किंवा गर्भारपणातून तयार झालेले परक्या रक्ताविरुद्धचे प्रतिपिंड तर दडलेले नाही ना. त्यासाठी त्यांना वेळ लागतो आणि माहिती लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले होते का, पूर्वी कधी चढवले होते, आजींची बाळंतपणे किती झाली, कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. शक्य असेल तर कूम्ब्सचा नमुना रक्त चढवण्याआधी काढलेला असावा. आणि रुग्णाला धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, भान हरपत असेल, तर पूर्ण जुळणारी पिशवी मिळत नाही म्हणून रक्त रोखून धरू नये. अशा प्रसंगी डॉक्टर त्यातल्या त्यात योग्य पिशवी निवडून, सावकाश, लक्ष ठेवून चढवतात. ‘न जुळणारे रक्त दिले’ असा त्याचा अर्थ लावून संमती नाकारणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

मधुमेही ज्येष्ठांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबडी पेशी १२० दिवस जगते, या गृहीतावर उभी आहे. पेशीच काही दिवसांत फुटत असेल तर तिच्यावर साखर साचायला अवधीच मिळत नाही आणि चाचणी खोटी कमी येते. शिक्षकांचे एचबीए१सी ४.९ आले, तेव्हा घरी आनंद झाला होता. त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर जेवणानंतरची साखर २४० होती. यावरील पहिले औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि ते साखर वाढवते. म्हणून या काळात एचबीए१सीवर विसंबू नका. घरी ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजून वहीत लिहा.

निदान झाले की ‘हे का झाले’ याचा शोध सुरू होतो. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. उतारवयात मात्र लसिका ग्रंथींचे आजार, विशेषतः सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग सीएलएल, नाकारावा लागतो. म्हणून पांढऱ्या पेशींचा तपशील, मानेतील-काखेतील गाठी आणि पोटाची सोनोग्राफी. ल्युपससाठी एएनए. औषधांचा इतिहासही तितकाच मोलाचा : रक्तदाबाचे जुने मेथिलडोपा, सेफ्ट्रियाक्सोनसारखी काही प्रतिजैविक इंजेक्शने. औषधांची यादी सांगू नका, घरातली पिशवीच घेऊन या, काढ्याच्या बाटलीसकट.

मी शिक्षकांना त्याच संध्याकाळी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी प्रेडनिसोलोन सुरू केले आणि सोबत फॉलिक ॲसिड. मज्जा झपाट्याने पेशी करत असताना तिला फॉलेट भरपूर लागते. या गोळीच्या मागेही मुंबई आहे : ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टरांनी १९२८ पासून मुंबईत गर्भवती स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगारांच्या, पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलेट.

उपचार लागू पडला की आकडे क्रमाने बदलतात. हिमोग्लोबिन एक ते तीन आठवड्यांत चढू लागते, एलडीएच आणि बिलिरुबिन उतरतात, आणि रेटिक्युलोसाइट खाली येते. हिमोग्लोबिन चढत असताना रेटिक्युलोसाइट उतरले तर ती चांगली बातमी. हिमोग्लोबिनही उतरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइड स्वतःहून थांबवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. ते महिनोन् महिने हळूहळू कमी करावे लागते. पुरेसा गुण न आल्यास रिटुक्सिमॅब, आणि क्वचित प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया, हे मार्ग आहेत. या आजारात शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, किंवा लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

सूनबाईंनी शंभर पानी वही घातली आहे. डावीकडे तारीख, मग हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट, एलडीएच, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी किती मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेतले ते. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.४, नवव्या आठवड्यात १२.१. कोथरूडच्या आजींना ब-१२च्या इंजेक्शनानंतर सहाव्या दिवशी रेटिक्युलोसाइट १८ टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्या नातवाने घाबरून मला रात्री फोन केला; त्याला तो आकडा का वाढायलाच हवा होता, हे समजावून सांगितले. शिक्षक परवा येऊन गेले. गोळी आता ५ मिलिग्रॅमवर आली आहे. काविळीची माळ अजून गळ्यात आहे. काकूंना वाईट वाटेल म्हणून काढत नाहीत. ‘‘डॉक्टर, पर्वती कधी?’’ असे त्यांनी विचारले. पुढच्या महिन्याचा अहवाल पाहून सांगते, असे म्हटले आहे.